शोधपत्रकार नायक पडद्यावर खरा कसा वाटेल? सीमाभागातल्या एका पटकथेसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही सहा भागांची वेब मालिका लिहिताय. नायक बेळगावच्या एका मराठी दैनिकाचा निपाणी भागातला वार्ताहर आहे आणि तो एका साखर कारखान्यातली काटामारी, म्हणजे वजनकाट्यावर ऊस कमी दाखवून होणारी चोरी, बाहेर काढतो. सध्याच्या मसुद्यात एक अनोळखी माणूस त्याला पेन ड्राइव्ह देतो, तो रात्री कारखान्याच्या ऑफिसात घुसतो, मार खातो आणि शेवटच्या भागात अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावच्या सुवर्ण विधानसौधसमोर (कर्नाटक विधिमंडळाचं इथलं भवन) कॅमेऱ्यात बघून सगळ्यांची नावं घेतो. वाचलेल्यांनी "खोटं वाटतं" म्हणून सांगितलं. निर्माता मात्र म्हणतो, कागदपत्रं दाखवली तर लोक झोपतील.

माझं काम जिल्हा डेस्कचं, आणि अलीकडे अशा पटकथा तपासून देण्याचं. त्या अनुभवावरून सांगतो, अडचण तपशिलाची नाहीच. तुमच्या नायकाला सगळं पहिल्याच भागात कळतं आणि शेवटच्या भागात सगळ्यांना पटतं. मधल्या चार भागांत त्याला मार खाण्यापलीकडे कामच उरत नाही. काटा मारतात हे चिकोडी-निपाणीच्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर फुकट कळतं. ड्रायव्हरला माहीत असतं, फडातल्या मुकादमाला माहीत असतं, आमदारालाही माहीत असतं. उद्याच्या अंकात मात्र ते कुणालाच छापता येत नाही. 'माहीत आहे' आणि 'छापता येतं' यांच्यामधलं अंतर म्हणजे तुमचे सहा भाग. त्या अंतरात काय काय आडवं येतं, तेवढं लिहा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी ठरवून टाका. पहिली गोष्ट वर्ष. २००५ च्या आधीची कथा असेल तर केंद्राचा माहिती अधिकार कायदा नाही. २००० च्या आधीची असेल तर 'भूमी'वरचा (कर्नाटकची जमीन नोंदींची संगणकी व्यवस्था) उतारा नाही. २०१६ ते ऑगस्ट २०२२ या काळात लाचेच्या तक्रारी एसीबीकडे, म्हणजे लाचलुचपतविरोधी पोलीस विभागाकडे, जायच्या. उच्च न्यायालयाने एसीबी रद्द केल्यावर ते काम पुन्हा लोकायुक्तांकडे आलं. १ जुलै २०२४ नंतरची कथा असेल तर पोलिसाच्या तोंडी 'आयपीसी' घालू नका, भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. दुसरी गोष्ट, नायक पगारी बातमीदार आहे की तालुक्याचा वार्ताहर? त्यावर त्याची हिंमत, त्याचा खिसा आणि त्याची भीती सगळंच बदलतं. त्याबद्दल पुढे येतो.

पडद्यावरच्या पत्रकारांचे मला दोन प्रकार दिसतात. एक साक्षीदार, दुसरा तपास करणारा. 'सिंहासन'मधला निळूभाऊंचा दिगू टिपणीस साक्षीदार आहे. तो मंत्रालयाच्या जिन्यांवर फिरतो, सगळ्यांशी बोलतो, आणि त्याच्या डोळ्यांनी आपण सत्तेचा खेळ बघतो. ते फार मोठं काम आहे, पण त्याला काही सिद्ध करायचं नाही. तुमचा नायक दुसऱ्या जातीचा आहे. त्याच्यासाठी 'स्पॉटलाइट' पुन्हा बघा. त्यातली सगळ्यात पकड घेणारी दृश्यं म्हणजे चर्चच्या वार्षिक यादीपुस्तकांवर पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचणारी माणसं. कुठल्या धर्मगुरूच्या नावापुढे 'आजारी रजा' असं लिहिलंय, तो कुठल्या वर्षी कुठून हलवला, हे ते जुळवत बसतात. मारामारी नाही, पाठलाग नाही. तरी प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर येतो, कारण पट्टी खाली सरकते तशी यादी वाढत जाते. निर्मात्याला हे दृश्य दाखवा.

दुसरं उदाहरण 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'. तिथे बातमीदार एका अधिकाऱ्याला फोनवर सांगतो, मी दहापर्यंत आकडे मोजतो, बातमी चुकीची असेल तर त्याआधी फोन ठेवा. फोन चालूच राहतो, बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी अंगावर उलटते. समोरच्याने खूण वेगळीच समजून घेतलेली असते. शिवाय साक्षीदाराने ते नाव ग्रँड ज्युरीपुढे घेतलेलंच नसतं, कारण त्याला तसं कुणी विचारलंच नव्हतं. मुद्दा खरा, पुरावा चुकीचा. मालिकेच्या मध्यावर नायकाला आपटायचं असेल तर गुंडांपेक्षा ही आपटी जास्त लागते.

आता तुमच्या काट्याकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पूर्ण तपास यातूनच उभा राहतो.

कारखान्यात उसाची गाडी दोनदा तोलतात. भरलेली आत जाताना, रिकामी बाहेर येताना. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस, त्यातून बाइंडिंगची (मोळ्या बांधलेल्या पाल्याची) घट वजा. पावतीवर पावती क्रमांक, गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव व कोड, गट, उसाची जात (आपल्याकडे बहुतेक को ८६०३२), भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन आणि दोन्ही वेळा असतात. चोरी तीन ठिकाणी होऊ शकते. भरलेलं वजन कमी दाखवणं, रिकामं वजन जास्त दाखवणं, नाहीतर घट वाढवणं. पटकथेत यातली एकच निवडा. रिकामं वजन वाढवणं पडद्यासाठी बरं, कारण गाडी रिकामी झाल्यावर शेतकरी तिथे थांबलेला नसतो.

नायक पहिल्यांदा काय करेल? हायवेवरच्या खाजगी काट्यावर गाडी तोलून घेईल आणि मग कारखान्यात पाठवेल. दोन पावत्यांत फरक आला की बातमी झाली, असं त्याला वाटेल. इथेच बहुतेक नवखे फसतात. काट्याचा लहानात लहान टप्पा १० किलोचा धरा. भरलेली गाडी २८.४० टन असेल तर पडताळणीच्या वेळी १५ किलोपर्यंतची चूक नियमात बसते, आणि वापरात असलेल्या काट्याला त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० किलो. रिकामी गाडी ८.२० टन असेल तर वापरातल्या काट्याला २० किलो. आता दोन वेगवेगळे काटे, दोन्ही उलट दिशेने चुकलेले धरले, तर निव्वळ वजनात १०० किलोपर्यंतचा फरक कुणीही चोरी न करता येऊ शकतो. म्हणजे ६० किलोचा फरक घेऊन आलेल्या वार्ताहराला संपादक परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे. ५०० किलोचा फरक आला, तोही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गाड्यांना आणि दरवेळी एकाच दिशेने, तर बसून बोलता येतं.

त्यातही भोकं आहेत. ड्रायव्हर एका काट्यावर ट्रॅक्टरवर बसला होता आणि दुसऱ्यावर उतरला होता का? साखळदंड, दोर तेवढेच होते का? उन्हात यार्डात गाडी किती तास उभी होती? तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटतं, हे कारखान्याचं पहिलं उत्तर असणार. म्हणून खाजगी काट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं हवीत, आणि पावतीवरच्या वेळेबरोबर फोटोही. यातलं सगळ्यात मोठं भोक तर कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या खाजगी काट्याची वैधमापन खात्याची, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, पडताळणी चालू आहे का? ती दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. दाखल्याची मुदत संपलेली असेल तर नायकाच्या डझनभर पावत्या वकिलाच्या एका वाक्यात रद्दीत जातात. तुमच्या तिसऱ्या भागाचा शेवट इथे करा. खाजगी काट्याच्या केबिनमध्ये भिंतीवर टांगलेला दाखला, काचेवर धूळ, आणि तारीख गेल्या वर्षीची. नायक ती तारीख वाचतो. संवादाची गरज नाही.

पैशाचा आवाका प्रेक्षकाला कळायला हवा, तोही एकाच दृश्यात आणि एकाच वहीच्या पानावर. २०२५-२६ चा एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. खेपेला अर्धा टन मारला तर शेतकऱ्याचे १,७७५ रुपये गेले. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना, गाडीला सरासरी २० टन, म्हणजे २५० खेपा. अर्धा टन गुणिले २५० म्हणजे १२५ टन. रोजचे ४,४३,७५० रुपये. हे गणित नायकाने करू नये. ज्याचा ऊस गेलाय त्या शेतकऱ्याच्या कॉलेजातल्या मुलीने मोबाइलवर करावं.

आता खरी गंमत. हा १२५ टन ऊस जातो कुठे? वजन कागदावर कमी झालं तरी उसातून निघणारी साखर कमी होत नाही. ५,००० टनांतून १०.५ टक्क्यांनी ५२५ टन साखर निघाली, पण वहीत ऊस ४,८७५ टनच असेल तर उतारा १०.७७ दिसतो. शेजारच्या कारखान्यापेक्षा उतारा असा उगाच वर गेला की जाणकाराचे कान उभे राहतात. शिवाय एफआरपी आधीच्या हंगामाच्या उताऱ्यावर ठरतो, म्हणजे वाढलेला उतारा पुढच्या वर्षी चोराच्याच अंगावर येतो. तेव्हा चोराला तो ऊस वहीत परत आणावा लागतो. कसा? आपल्या माणसांच्या नावाने कागदावर खेपा दाखवून. बिल त्यांच्या खात्यात, ऊस मात्र कधी आलेलाच नाही. (बी-हेवी मळी, म्हणजे साखर पूर्ण न काढलेली मळी, किंवा रस इथेनॉलकडे वळवला असेल तर उताऱ्याची तुलना इतकी सरळ राहत नाही. हे विचारायला एखादं तज्ज्ञ पात्र हवं. एस. निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावातच आहे, अशा ठिकाणचा निवृत्त माणूस म्हणून ते पात्र रचता येईल.)

इथे तुमच्या नायकाला कागद वाचता आले पाहिजेत. पावत्यांच्या यादीत एक ट्रॅक्टर दुपारी २ वाजून १० मिनिटांनी रिकामा बाहेर पडतो आणि २ वाजून ३५ मिनिटांनी पुन्हा भरून काट्यावर उभा असतो. गाव २२ किलोमीटरवर, दोन ट्रॉल्या भरायलाच काही तास. ती खेप कागदावरची. आता त्या खेपेवरच्या शेतकऱ्याचं नाव आणि सर्व्हे नंबर घ्या. 'भूमी'वर आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) कुणालाही बघता येते. नवव्या रकान्यात मालक, दहाव्यात ती जमीन त्याच्याकडे कशी आली आणि म्युटेशनचा (फेरफाराचा) नंबर, अकराव्यात हक्क आणि बोजा, बाराव्यात पीक. क्षेत्र निघतं २ एकर १० गुंठे, पिकाच्या रकान्यात तंबाखू, आणि कारखान्याच्या बिलात ४१० टन ऊस. चांगल्या कसलेल्या रानात एकरी ६०-७० टन म्हणजे डोक्यावरून पाणी. इथे हिशेब एकरी १८० टनांच्या वर जातो. निपाणीच्या तंबाखूच्या रानातून कागदावर ऊस निघाला. दृश्य डोळ्यांसमोर आणा. नायक आणि छायाचित्रकार त्या सर्व्हे नंबरावर जाऊन उभे राहतात आणि समोर तंबाखूचे खुंट. कॅमेऱ्याला यापेक्षा काय हवं?

मात्र पीक पाहणीची नोंद आपल्याकडे बऱ्याचदा मागच्या वर्षाचीच पुढे ओढलेली असते. म्हणून एकट्या बाराव्या रकान्यावर कुणी बातमी करत नाही. बांधकरी शेतकऱ्यांची साक्ष, तलाठ्याची नोंद आणि स्वतः काढलेले फोटो एकत्र लागतात. अशा तीन-चार जमिनी मिळाल्या तरच छापायचं.

आता चोरीबद्दल, म्हणजे तुमच्या नायकाने करायच्या चोरीबद्दल. रात्री ऑफिसात घुसण्याचा प्रसंग काढून टाका. पहिलं कारण, असे कागद छापणारा संपादक सापडत नाही. दुसरं, निम्मे कागद दिवसाढवळ्या मिळतात. खरेदीखतं बघायची असतील तर नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या नोंदींचं पुस्तक आणि त्याची सूची फी भरून कुणालाही बघता येते, नक्कल मिळते. उमेदवाराची संपत्ती नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात असते, ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. कंपनीचे संचालक कोण, ताळेबंद काय, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एका कंपनीला १०० रुपये भरून दिसतं. चेअरमनच्या मेहुण्याची वाहतूक कंपनी अशी सापडते. त्यासाठी पेन ड्राइव्हवाला लागत नाही, एक दुपार लागते.

माहितीच्या अधिकाराबद्दल पटकथांत फार भाबडेपणा असतो. अर्ज टाकला, उत्तर आलं, भांडं फुटलं. प्रत्यक्षात काय होतं बघा. अर्जाची फी १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा गोलमाल आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर निर्णय ३० ते ४५ दिवसांत, मग ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. नोव्हेंबरात अर्ज टाकला तर पहिलं अपील निकाली निघेतो कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप हंगाम संपायला, आलेला असतो. खाजगी कारखान्याला तर थेट अर्जच चालत नाही, आणि सहकारी संस्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने वाट अरुंद केली आहे. म्हणून अर्ज जातो साखर खात्याकडे, वैधमापन खात्याकडे, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला.

आणि एक तरतूद नाटककाराला देणगी आहे. मागितलेली माहिती त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेली असेल आणि ती द्यायचा विचार असेल, तर कलम ११ प्रमाणे अधिकाऱ्याने त्या त्रयस्थाला ५ दिवसांत नोटीस द्यायची असते. म्हणजे नायकाच्या अर्जाची वर्दी कारखान्याला सरकारी टपालानेच पोहोचते. नोटिशीत अर्जदाराचं नाव असो-नसो, तालुक्याच्या गावात ते संध्याकाळपर्यंत कळतं. दुसऱ्या दिवशी नायकाच्या भावाची ऊसतोडीची चिठ्ठी मागे पडते. रानात ऊस उभाच राहतो. धमकी देणारा गुंड पाठवण्यापेक्षा कारखान्याला हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि आपल्या भागातल्या प्रत्येक घराला यातला त्रास कळतो.

भाषेचं विसरू नका. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. इथे राजभाषा कन्नड. म्हणजे मराठी पेपरचा हा माणूस अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतो किंवा स्वतः लिहितो, उत्तर कन्नडमध्ये येतं, शेतकऱ्याशी मराठीत बोलतो, कागवाड-अथणीकडच्या शेतकऱ्याशी पुन्हा कन्नडमध्ये, आणि वाटणीच्या जुन्या कागदाला मोडी वाचणारा शोधत फिरतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुंबई राज्याचा भाग, त्यामुळे दप्तर असं मिश्र आहे. तुमच्या मसुद्यात सगळे पुणेरी मराठी बोलतात, ते पहिल्या वाक्याला उघडं पडतं. कारकून खिडकीतून "नाळे बर्री" म्हणेल, आणि नायक हलला नाही की मराठीत सांगेल, "साहेब चिकोडीला गेल्यात, उद्या या." काटा क्लार्क कागद देताना एवढंच म्हणेल, "अण्णा, मी काय दिलं न्हाई, तुम्ही काय घेतलं न्हाई." भाषणं त्याच्या तोंडी घालू नका.

सीमाभागात नायकासमोरचा खरा पेच याहून खोल आहे, आणि तुमच्या मसुद्यात त्याचा पत्ताच नाही. समजा चेअरमन मराठी आहे. मराठी शाळेच्या पत्र्यांना त्याने देणगी दिली, गणेशोत्सवाला त्याची वर्गणी सगळ्यात मोठी, १७ जानेवारीला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी, हुतात्मा चौकात तो पुढच्या रांगेत उभा. त्याच्याविरुद्ध मराठी पेपरात बातमी आली की पहिली प्रतिक्रिया येते, "आपल्याच माणसाला खाली खेचतोय." उलट चेअरमन कन्नड असेल आणि नायक मराठी, तर बातमीतला काटा बाजूला राहतो आणि चर्चा सीमाप्रश्नाची सुरू होते. दोन्ही वेळा चोर सुटतो. मी पहिला पर्याय घेईन, त्यात नायकाला आपल्याच घरात उत्तरं द्यावी लागतात. आणि त्याला कन्नड दैनिकातला एक जोडीदार देईन. कागद दोघांनी वाटून तपासायचे, बातमी एकाच दिवशी दोन भाषांत. मग शिक्का मारायला जागा राहत नाही. असं एकत्र काम इथे बातमीदार करतात, पडद्यावर मात्र दोन भाषांचे पत्रकार नेहमी भांडतानाच दिसतात.

नायकाचं पोट कसं चालतं, ते दाखवा. तालुका वार्ताहराला पगार नसतो किंवा नावापुरतं मानधन असतं. उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. गळीत हंगाम शुभारंभ, चेअरमनचा वाढदिवस, २६ जानेवारी, यांच्या पुरवण्या. त्यात सगळ्यात मोठी पानं कारखान्याची. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बातमी करायची, त्याच्याच जाहिरातीचं बिल घेऊन नायक दोन महिने शेतकी ऑफिसात फेऱ्या मारतोय. पहिल्याच दृश्यात तो हे बिल मागायला गेलेला दाखवा. हा माणूस स्वच्छ पांढरा नाही हे कळलं की प्रेक्षक त्याच्याबरोबर चालायला लागतो. संपादकालाही खलनायक करू नका. त्याला त्याच दिवशी छपाईच्या कागदाचं बिल भागवायचं असतं.

खबऱ्याचं काय होतं, हा दुसरा प्रश्न. तेंडुलकरांच्या 'कमला'मध्ये पत्रकार बाजारातून बाई विकत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो, आणि तिचं पुढे काय याचा विचार त्याच्या मनात येत नाही. १९८१ चं नाटक, तरी हा प्रश्न जुना झालेला नाही. तुमच्या काटा क्लार्कचं नाव छापायचं नाही एवढ्याने तो वाचत नाही. त्याने दिलेली पावत्यांची यादी किती लोकांकडे होती? तिघांकडेच असेल तर छापल्या क्षणी तो सापडला. मग बातमीदार काय करतो? तोच तपशील दुसऱ्या वाटेने मिळवतो, शेतकऱ्यांकडच्या पावत्यांवरून. बातमी छापते पावत्यांवर, यादीचा उल्लेखच येत नाही. हे काम वेळखाऊ आहे आणि म्हणूनच त्यात ताण आहे. हंगाम संपत चाललाय आणि नायक आपल्याकडे असलेली गोष्टच दुसऱ्या दाराने पुन्हा शोधतोय.

लाचेच्या सापळ्याचा प्रसंग ठेवायचा असेल तर नायकाला त्यातून बाहेर काढा. तक्रारदार लोकायुक्त पोलिसांकडे जातो, पंच असतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात, आणि नोटा घेतलेल्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. पत्रकार नंतर पोहोचतो. लपवलेला कॅमेरा वापरायचा असेल तर मूळ, न कापलेलं चित्रण जपून ठेवणं आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चा दाखला हॅशसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट) करून घेणं, हे एका वाक्यात तरी येऊ द्या.

बातमी किती छापायची हेही लिहा. 'स्कॅम १९९२'मुळे सुचेता दलाल सगळ्यांना माहीत झाल्या. (त्यांचं शालेय शिक्षण बेळगावातलं आणि पदवी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.) २३ एप्रिल १९९२ च्या त्यांच्या पहिल्या बातमीत हर्षद मेहताचं नाव नव्हतं, 'बिग बुल' एवढंच होतं. जेवढं हातात पक्कं, तेवढंच कागदावर. तुमच्या नायकानेही पहिल्या दिवशी फक्त तीन सर्व्हे नंबर, तीन बिलं आणि काट्याच्या वेळा छापाव्यात. चेअरमनचं नाव चौथ्या दिवशी यावं, तेही त्याच्या स्वतःच्या खुलाशामुळे.

आता कारखान्याचं म्हणणं घेण्याचा प्रसंग. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात मोठा प्रसंग हाच, आणि मसुद्यात तो नाहीच. छापण्याच्या आधी लेखी प्रश्न पाठवायचे. आकडे, तारखा, पावती क्रमांक देऊन, उत्तराला किमान दोन दिवस. म्हणजे नायकाने आपले सगळे पत्ते शत्रूसमोर उघडे टाकायचे आणि वाट बघायची. त्या दोन दिवसांत काहीही होऊ शकतं. पावत्यांचे शेतकरी फिरतात, संपादकाला फोन येतो, क्लार्कची बदली होते. किंवा कार्यकारी संचालक नायकाला बोलावतो, चहा पाजतो, आणि एक प्रश्न असा विचारतो की नायकाच्या चार जमिनींपैकी एक गळून पडते, कारण त्या शेतकऱ्याने शेजाऱ्याचं रान खंडाने केलेलं असतं. नायक ती जमीन बातमीतून काढतो. खलनायकाचं एक म्हणणं खरं निघालं पाहिजे, मग उरलेल्या तीन जमिनी पक्क्या ठरतात.

नोटीस येणारच. बदनामीचा फौजदारी गुन्हा आता न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. तिथे 'खरं आहे' एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी छापलं हेही दाखवावं लागतं. निपाणीच्या माणसाला तारखेसाठी लांबच्या कोर्टात फिरवणं हीच खरी शिक्षा असते. जीवघेण्या हल्ल्याचा शेवट टाळा असं मी म्हणणार नाही. गौरी लंकेश यांचा खून ५ सप्टेंबर २०१७ ला याच राज्यात झाला. पण तालुक्यातली रोजची किंमत जाहिरात, चिठ्ठी आणि तारीख यांत मोजली जाते. ती दाखवली तर गोळी दाखवायची गरज पडतेच असं नाही.

विधानसौधसमोरचं भाषण काढलंत तर शेवट कुठे करायचा? बातमी छापून आली, त्याच्या दुसऱ्या सकाळी कारखान्याच्या काट्यावर चित्रीकरण ठेवा. वैधमापन खात्याचे लोक प्रमाणित वजनं घेऊन आलेत, इंडिकेटरचं सील तपासतायत, मागे ट्रॅक्टरांची रांग खोळंबली आहे, आणि खोळंब्यामुळे शेतकरी नायकावरच चिडलेत. नेमकं असंच होतं. तपासणीत काटा बरोबर निघू शकतो, कारण चोरी काट्यात नव्हती, नोंदीत होती. ते प्रेक्षकाला आधीच माहीत असेल, तर दुसऱ्या हंगामाचं दारही उघडं राहतं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. कारखान्याचं, गावाचं आणि चेअरमनचं नाव ठरवताना चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी आणि पलीकडचं कागल, चंदगड इथल्या सगळ्या चालू-बंद कारखान्यांची यादी समोर ठेवा आणि एकाशीही जुळणार नाही याची खात्री करा. 'पात्रं काल्पनिक आहेत' ही पाटी आपोआप वाचवत नाही. आणि पावत्या खऱ्या दिसणाऱ्या छापून घ्या, पण क्रमांक, वेळ, वजन यांचा तक्ता आधी बनवा. प्रेक्षक आता चित्र थांबवून आकडे वाचतो. भरलेलं वजा रिकामं वजा घट बरोबर निव्वळ, हे प्रत्येक पावतीवर जुळलं पाहिजे, आणि कागदावरच्या खेपेत ते फार नीट जुळलं पाहिजे. तो तक्ता तयार झाला की इथे टाका, वेळा आणि अंतरं बसतात का ते बघून सांगतो.